मॅडमची सतरा माणसं

५ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडमनी चालू तास मध्येच थांबवला.

बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसते. खाली चष्म्याचं दुकान, वर आमचं समुपदेशन केंद्र, म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर सहा खुर्च्या. तासाच्या मध्ये मॅडमचं दार उघडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. माझ्याकडे यायचं माणूस आज आलं नव्हतं, म्हणून मी काउंटरवर वही सांभाळणाऱ्या मावशींशी बोलत उभी होते. दार उघडलं, मॅडम बाहेर आल्या आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, आतल्या ताईंना पाणी द्या. आणि त्यांना सोडायला खालपर्यंत जा."

नंतर त्यांनी मला आत बोलावलं. "त्या बाई नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होत्या, आणि मी पडद्यावरचे चौकोन मोजत होते. एकशे बाराव्या चौकोनाला माझ्या लक्षात आलं. मग मी त्यांना सांगून टाकलं, की तुम्ही इतकं जड सांगताय आणि मी ऐकू शकत नाहीये. दोष माझा आहे."

"होतं असं कधीतरी," मी म्हटलं.

"चार महिने होतंय."

त्यांनी एक कागद पुढे केला. थकव्याचा तक्ता. नर्स आणि शिक्षक आले की आम्ही त्यांना भरायला देतो, तोच. मॅडमनी स्वतःचा भरला होता, खाली बेरीजही केली होती. "हा दुसऱ्या कुणाचा असता तर तू काय म्हणाली असतीस?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

येत्या सोमवारपासून त्या तीन महिने रजेवर. एकसष्टाव्या वर्षी, इतकं नाव झाल्यावर, हे असं उघड म्हणायला छाती लागते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एकदा एक माणूस आमच्या जिन्यात बसून राहिला होता, वर यायलाही तयार नाही आणि घरी जायलाही नाही. मॅडम त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि तास-दीड तास दोघंही एक शब्द बोलले नाहीत. शेवटी तो आपणहून उठून वर आला. हे काम मी असं बघत बघत शिकले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

डबा खाता खाता लिहिते आहे.

मॅडमनी त्यांच्या सतरा माणसांना सतरा वेगळी पत्रं लिहिली, हाताने. त्या 'केस' म्हणत नाहीत कधी, 'माझी माणसं' म्हणतात. पत्रात कुठे 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे नाही. सरळ लिहिलंय की मी थकले आहे, तुमचं नीट ऐकायचं तर मला थांबायला हवं.

मग मला यादी दिली. "सात तू घे. बाकी दहा जणांना कुणाकडे पाठवायचं ते समोर लिहिलंय. फोन तेवढे कर."

"सगळे मी घेते ना मॅडम."

"तुझी स्वतःची अठरा आहेत. सात म्हणजे सात."

मी बरं म्हटलं. पण थोड्या वेळाने त्या दहांतल्या पहिल्या बाईंना फोन लावला, तर त्या रडायलाच लागल्या. आता पुन्हा नवीन माणसापुढे पहिल्यापासून सांगायचं का, म्हणाल्या. दुसऱ्या गृहस्थांचंही तेच. मग मी पुढचे फोन केलेच नाहीत. मावशींना म्हटलं, सतराही माझ्या वहीत लिहा.

मावशींनी पेन खाली ठेवलं. "ताई, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडात भरपूर आहे. आणि मॅडमना सांगू नका, उगाच काळजी करत बसतील."

मावशींनी नावं लिहिली, पण इतक्या दाबून की खालच्या पानावर उमटली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

काल सात माणसं, आज आठ. आणि मी ठणठणीत आहे. मॅडमना कळलं तर आश्चर्य वाटेल.

आज मॅडमच्या सातांतले रुग्णवाहिकेचे चालक पहिल्यांदा माझ्याकडे आले. पन्नाशीचे, मोठ्या पंजांचे, खुर्चीत बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते न कळणारे. एकवीस वर्षं गाडी चालवली. पाच महिन्यांपूर्वी गाडी दुभाजकाला घासली. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून किल्ली हातात घेतली की हात गार पडतात. सध्या त्यांना गॅरेजात टायरची नोंद ठेवायला बसवलंय. मॅडमच्या टिपणात शेवटी एवढंच आहे : 'अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. घाई करू नये.'

मी घाई केली नाही. ते पाऊण तास रस्त्यांबद्दल बोलले. कुठल्या चौकात कितव्या सेकंदाला दिवा बदलतो, सगळं तोंडपाठ.

२० फेब्रुवारी, मंगळवार

लेक बारा वर्षांची आहे आणि जीभ तिच्या आजीची. आज सकाळी म्हणाली, "आई, तू 'हं' म्हणतेस ना, तेव्हा तू ऐकत नसतेस. ऐकत असलीस की मध्येच भांडतेस."

हसू आलं. तिच्या वादविवाद स्पर्धेत तिला घटस्फोटाच्या वकिलासारखं बोलता येईल.

नवरा हल्ली घरात फार गप्प असतो. परवा टीव्हीचा आवाजही अगदी बारीक. ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार. वेळ मिळाला की विचारायला हवं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

केंद्रातून निघते, घराखाली स्कूटर लावते, आणि हल्ली तिच्यावरच दहा-पंधरा मिनिटं बसून राहते. शेजारच्या काकूंनी आज विचारलं, किल्ली हरवली का. हो म्हटलं.

एक मजेची गोष्ट. माझ्या जुन्या माणसांपैकी एका मास्तरांचा पाय मोडला, सहा आठवडे पलंगावर. त्यांची मुलगी फोनवर सांगत होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला, काय नशीबवान आहेत. मग स्वतःचीच लाज वाटली. चहा जास्त होतोय, त्याने डोकं असं चालतं. उद्यापासून दोनच कप.

५ मार्च, मंगळवार

मॅडमना भेटायला गेले तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, तरणतलावावर बघा. मला वाटलं, चालायला जात असतील.

मॅडम पाण्यात होत्या. निळी टोपी, कमरेला फुगा, आणि आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची पोरं. काठ धरून पाय मारत होत्या. शिक्षिका ओरडत होती, "आजी, गुडघे नका वाकवू." आणि मॅडम, ज्यांच्यासमोर भले भले डॉक्टर आवाज खाली आणतात, त्या निमूटपणे "हो बाई" म्हणत होत्या.

टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "पहिले दोन आठवडे मी फक्त झोपले आणि चिडले. आता पाण्यात असताना नाकात पाणी जाईल एवढीच एक काळजी असते. फार सुखाची काळजी आहे." आणि मग, "सात जमतायत?"

"जमतायत," मी म्हटलं. तसं ते खोटं नाही. सात जमतायतच. वरचे दहाही जमतायत.

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. पाण्याने डोळे चुरचुरत असतील.

११ मार्च, सोमवार

आठ.

१४ मार्च, गुरुवार

आज एका बाईंना मी एक वाक्य म्हटलं आणि ते माझ्याच कानाला ओळखीचं वाटलं. सकाळी दुसऱ्या एकीला हेच, ह्याच सुरात म्हटलं होतं. वाक्य चांगलंच आहे म्हणा. दोघींनाही पटलं.

दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मावशींनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, टाकी रिकामी होईल. डबा तसाच परत नेला तर नवरा काहीतरी म्हणेल, म्हणून तो मावशींना दिला.

लेकीची स्पर्धा काल होती. नवरा घेऊन गेला. मला वाटत होतं शुक्रवारी आहे.

१९ मार्च, मंगळवार

हे सगळं आजच लिहून ठेवते.

चालक आले ते उभेच राहिले. म्हणाले, "ताई, आज सांगतो." मग बसले, आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून त्यांनी सांगितलं. सहा महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी गाडीत एक बाळंतीण होती, कळा चालू. त्यांची ती कामाची लागोपाठ तिसरी पाळी होती, कारण दोन चालक आजारी होते. साहेबांनी विचारलं होतं, जमेल का, आणि हे म्हणाले होते, "मला जमतंय." भर दुपारी, सरळ रस्त्यावर त्यांचा डोळा लागला. एक क्षण. दुभाजकाने गाडीला धक्का दिला म्हणून ते जागे झाले. बाई सुखरूप पोचली, मुलगी झाली, घरच्यांनी ह्यांना बोलावून आभार मानले. गाडीपुढे कुत्रं आलं, असं ह्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. "कुत्रं नव्हतं ताई," ते म्हणाले. "मीच नव्हतो गाडीत."

एवढं बोलून ते थांबले. आणि मी विचारलं, "मग त्या वेळी गाडीत कोण होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही. "आत्ताच सांगितलं मी."

मला खरंच आठवेना. धक्का आठवत होता, कुत्रं आठवत होतं. बाळंतीण मी टिपणावरून नंतर लावली, कारण हाताने तेवढं लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, "माफ करा, जरा लक्ष उडालं."

त्यांनी टेबलावरच्या टिपणाकडे पाहिलं. मग विचारलं, "ताई, तुमची ही कितवी पाळी?"

"नाही नाही," मी म्हटलं, "मला जमतंय."

ते हसले नाहीत. उठले, खुर्ची होती तिथे नीट सरकवली आणि गेले.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. खालच्या दुकानात दाखवून घ्यायला हवा, डोकं त्यानेच जड होतं.

२६ मार्च, मंगळवार

चालक आले नाहीत. फोनही नाही.

त्या खुर्चीसमोर मी पूर्ण पाऊण तास बसले. सहा महिने ज्या गोष्टीने त्या माणसाचे हात गार पडत होते, ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि मी ती खाली पाडली. मागच्या मंगळवारचं पान पुन्हा वाचलं. 'मला जमतंय' हे शब्द त्या पानावर दोनदा आहेत. एकदा त्यांचे आणि एकदा माझे. लिहिताना मला ते दिसले नव्हते, हे आता मलाच खरं वाटत नाही.

घरी गेले. नवरा भांडी पुसत होता. मी विचारलं, "तुझं ऑफिसात काही बिनसलंय का?"

"माझं?" तो म्हणाला. ताट तसंच हातात. "माझं काही नाही. तू रोज घरी येतेस गं, पण पोचत नाहीस. आम्ही दोघं आवाज न करता वाट बघतो."

२७ मार्च, बुधवार

मॅडमकडे गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. सतरा, न केलेले फोन, चालक, बाळंतीण. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी आत नेलं, बसवलं, सरबत केलं आणि मला पूर्ण ग्लास संपवायला लावला.

मग म्हणाल्या, "मी थांबले तेव्हा तुला वाटलं, मॅडम हरल्या. खरं सांग."

"नाही हो. मी तर कौतुकच करत होते."

"माझं कौतुक केलंस. पण स्वतः तसं करायची वेळ आली तेव्हा?"

मला रडू आलं. बरंच आलं. त्यांनी एकदाही 'रडू नकोस' म्हटलं नाही, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्याला कसं वाटत असेल.

"अगं, मी सत्तावीस वर्षांची असताना एका माणसाला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "तो पुन्हा आला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. तू एका दिवसात सांगितलंस. तू माझ्यापुढे आहेस."

एका दिवसात नाही, आठ दिवसांत. पण मी दुरुस्त केलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार

दोन दिवस मॅडमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही फोन केले. खरं तर मीच केले. त्या रजेवर आहेत, म्हणून त्यांनी फोनला हात लावला नाही. फक्त समोर बसून वाटाणे सोलत राहिल्या. मी अडखळले की मान हलवायच्या. त्या रडणाऱ्या बाईंना मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना. मला वाटत होतं, माझंच बोलणं कंटाळवाणं झालंय, तुम्ही घड्याळाकडे बघायचात."

मी घड्याळाकडे बघत होते हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

गावातल्या पाच समुपदेशकांनी मिळून दहा माणसं वाटून घेतली. कुणीही आढेवेढे घेतले नाहीत. मलाही आठ एप्रिलपासून तीन आठवडे रजा. माझ्या जुन्या अठरा जणांना मी पत्रं लिहायला घेतली आहेत. मॅडमची पत्रं किती अवघड होती ते आता कळतंय. एकेका ओळीला दहा मिनिटं जातात.

२ एप्रिल, मंगळवार

चालक आले. वेळेवर, इस्त्रीचा शर्ट.

"मागच्या मंगळवारी साहेबांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलून गेलो, त्या रात्री ठरवलं. सांगून टाकलं, कुत्रं नव्हतं, झोप लागली होती. आणि हेही सांगितलं, की तिसरी पाळी कुणालाच लावू नका, विचारूसुद्धा नका. विचारलं की माणूस हो म्हणतो."

"साहेब काय म्हणाले?"

"आधी ओरडले. मग म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. ते कार्यालयात भिंतीवर लागलंय आता. खाली माझी सही."

मी पेन बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. मी तेव्हा पाळीवर पाळी करत होते. पुन्हा सांगाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

त्यांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले. मग पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ह्या वेळी मला त्या बाळंतिणीच्या हातातल्या बांगड्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला, कारण त्यांनी तो सांगितला.

शेवटी मी रजेचं सांगितलं. तीन आठवडे थांबणार, की दुसऱ्या कुणाकडे जाणार? मला मनातून वाटत होतं, थांबतो म्हणतील.

"दुसरीकडे जातो," ते म्हणाले. "आत्ता चाक फिरतंय तोवर थांबायला नको." माझा चेहरा बघून असेल, पुढे म्हणाले, "गाडीवर दुसरा चालक बसला म्हणजे पहिला वाईट असतो असं नाही ताई."

जाताना मावशींना नमस्कार केला. मावशी नंतर मला म्हणाल्या, असा माणूस रोज एक आला तर आपलं केंद्र बंद करायला हरकत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

रजेचे पाच दिवस. झोपले आणि चिडले. मॅडमचा अभ्यासक्रम असाच आहे म्हणायचा.

काल लेक तिच्या स्पर्धेत काय झालं ते सांगत होती. समोरच्या मुलीने खोटे आकडे दिले आणि परीक्षकांना कळलंच नाही. मी मध्येच म्हटलं, "पण तू उलट का विचारलं नाहीस?" ती चिडली, मी चिडले, दहा मिनिटं कडाक्याचं भांडण. नवरा आतून बघत होता. टीव्हीचा आवाज मोठा केला त्याने.

२४ एप्रिल, बुधवार

येत्या सोमवारपासून कामावर. माझी अठरा आणि चालक गेल्यावर उरलेली मॅडमची सहा, म्हणजे चोवीस. त्यातलीही तीन मी अजून दुसऱ्यांकडे सोपवणार आहे. रोज मध्ये अर्धा तास रिकामा. मावशींनी वहीत त्या जागी माझंच नाव लिहून ठेवलंय, पेन्सिलने नाही, पेनने.

नवीन समुपदेशकाकडून निरोप आला. चालकांनी काल गॅरेजाच्या आवारात गाडी चालवली. दोन फेऱ्या.

९ मे, गुरुवार

मॅडम सोमवारी परत आल्या. आठ माणसं घेणार, त्याहून एकही जास्त नाही. पोहायला येतं का विचारलं तर म्हणाल्या, "तरंगते. पुढे जात नाही."

आणि आज त्यांनी ती गोष्ट केली जी गावात आजवर कुणी केली नव्हती. गुरुवारी दुपारी केंद्र बंद ठेवून गावातल्या सगळ्या समुपदेशकांना बोलावलं. मला वाटलं, कुणी येणार नाही. आम्ही लोकांना बोलतं करतो, पण आपापसांत भेटलो की पुस्तकांवर बोलतो. नऊ जण आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या दुकानातून आणल्या. ज्यावर बसून लोक अक्षरं वाचतात, त्या उंच खुर्च्या. तीन मोठी माणसं पाय लोंबकळवत बसली.

मॅडम पहिल्या बोलल्या. पडद्याचे एकशे बारा चौकोन सगळ्यांना सांगितले.

मग ज्यांची व्याख्यानं ऐकायला सभागृह भरतं, ते सर बोलले. दोन वर्षं झाली, म्हणाले, शेवटचं माणूस गेलं की मी दार लावून घेतो आणि दिवा न लावता जमिनीवर आडवा होतो. बायकोला सांगतो, टिपणं लिहीत होतो. त्यांच्या शेजारची मुलगी, सहा महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली, एकदम म्हणाली, "सर, तुम्हीसुद्धा?" आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखी ती मागे टेकली. तिला वाटत होतं, ह्या कामात आपणच कच्च्या.

मी त्या सगळ्यांकडे बघत होते. दिवसभर इतरांचं दुःख मांडीवर घेऊन बसणारी ही माणसं, आणि एकालाही स्वतःचं कुठे ठेवायचं ते माहीत नव्हतं. तरी आली होती, भर कामाच्या दिवशी, एका म्हाताऱ्या बाईने फोन केला म्हणून.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

मी मनात चांगली सुरुवात तयार केली होती. ती सोडून दिली. म्हटलं, "मला सात माणसं घ्यायला सांगितली होती. मी सतरा घेतली. मला वाटलं होतं, मॅडमपेक्षा माझ्यात जास्त दम आहे."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग बाकीचे हसले, आणि मीही. हसणं थांबल्यावर कुणी घड्याळ बघितलं नाही, आणि मी पुढचं सांगायला लागले.